‘किंडल’ मराठीत आणताना: चुलीपासून वाचनाच्या गोडीपर्यंत

इंग्रजीतून मराठीत भाषांतर करायला नुकतीच सुरुवात केलेल्या माणसाला ‘किंडल’ हे क्रियापद भेटलं की तो शब्दकोश उघडतो, ‘पेटवणे’ हा अर्थ उचलतो आणि पुढे जातो. चूल किंवा शेकोटी असेल तिथे ते निभावतं. मग पुढच्याच परिच्छेदात ‘द टीचर किंडल्ड हर इंटरेस्ट इन मॅथेमॅटिक्स’ असं वाक्य येतं आणि मराठीत ‘शिक्षकांनी तिच्यात गणिताची आवड पेटवली’ असं काहीतरी उतरतं. मराठीत आवड पेटत नाही. गोडी लागते. या एका क्रियापदापाशी नवे भाषांतरकार सहज अडखळतात. म्हणून ते कसं हाताळायचं, हे इथे पायरीपायरीने सांगितलं आहे.

पायरी १: आधी चूल पेटवायला शिका

हे शब्दशः घ्या. ‘किंडल’ हा शब्द जळण्याबद्दलचा नाही. काडी ओढल्यापासून जाड लाकूड आपणहून जळू लागेपर्यंतची जी पाच-दहा मिनिटं असतात, त्यांचा हा शब्द आहे. त्या वेळात काय घडतं हे माहीत नसेल, तर त्याचे लाक्षणिक अर्थ नुसते पाठ करावे लागतात.

जळण तीन जाडीचं लागतं. पहिलं, क्षणात पेट घेणारं: दोन मुठी वाळलेलं गवत, नारळाची किशी, उसाचं पाचट किंवा कागदाचे सैल बोळे. दुसरं, काडेपेटीतल्या काडीपासून करंगळीपर्यंतच्या जाडीच्या, वीतभर लांब पंचवीस-तीस काटक्या. विदर्भ-मराठवाड्यात तुराट्या आणि पऱ्हाट्या, कोकणात नारळाचे हीर आणि करवंट्यांचे तुकडे, सुताराच्या दुकानाजवळ राहणाऱ्यांना ढलप्या. तिसरं, मनगटाएवढी तीन-चार फाटी.

मधल्या काटक्या का लागतात, हा खरा प्रश्न. लाकूड जळतं म्हणजे तापलेल्या लाकडातून निघणारे वायू जळतात, आणि ते पुरेसे निघायला लाकडाचा पृष्ठभाग साधारण २५० ते ३०० अंश सेल्सिअसपर्यंत तापावा लागतो. जाड ओंडका काडीची उष्णता आत ओढून घेतो, पण त्याचा पृष्ठभाग काही तेवढा तापत नाही. तोच ओंडका चिरला की गणित बदलतं. १० सेंटिमीटर रुंद आणि तेवढाच जाड चौकोनी ओंडका चिरून १ सेंटिमीटरच्या काड्या केल्या, तर शंभर काड्या होतात आणि त्यांच्या उघड्या बाजूंचं क्षेत्रफळ मूळ ओंडक्याच्या दहापट होतं. लाकूड तेवढंच असतं, पण ज्वाळेला धरायला जागा दहापट मिळते.

ओल हा दुसरा शत्रू. ताज्या तोडलेल्या लाकडाच्या वजनात निम्म्याच्या आसपास पाणी असू शकतं. ते पाणी उडून जाईपर्यंत ओला भाग १०० अंशांच्या आसपासच अडकून राहतो आणि चुलीतून नुसता पांढरा धूर येतो. ओल २० टक्क्यांच्या खाली आलेलं लाकूड चांगलं जळतं. ते ओळखायला यंत्र नको: टोकांना तडे गेलेले असतात, साल सुटत आलेली असते आणि दोन फाटी एकमेकांवर आपटली की बद्द आवाज न येता टणक आवाज येतो.

आता कृती. चुलीतली जुनी राख काढा, तळाशी बोटभर थर राहू द्या. गवत किंवा किशी सैल ठेवा. दाबली की हवा कोंडते. तिच्यावर बारीक काटक्या आडव्या-उभ्या रचा, मधून हवा खेळली पाहिजे. काडी खालून आणि वाऱ्याकडच्या बाजूने लावा. काटक्या तडतडून लाल होईपर्यंत जाड लाकडाला हात लावू नका. मग सगळ्यात बारीक दोन फाटी अर्ध्या बोटाचं अंतर ठेवून सारा. दोन लाकडं समोरासमोर असली की एकमेकांची धग धरतात, एकटं फाटं बहुतेक वेळा काळं पडून विझतं. फुंकणी घ्यायची ती आता. लांब, संथ फुंकर ज्वाळेच्या शेंड्यावर न घालता बुडाशी, लाल झालेल्या निखाऱ्यावर घाला.

बिघडतं ते बहुधा घाईने. जाड लाकूड लवकर टाकलं की खालची आग कोंडते. फुंकर लवकर घातली की इवलीशी ज्वाळा विझते. रॉकेल ओतलं तर भडका मोठा दिसतो, पण तो रॉकेलचा असतो. लाकूड पुरतं तापलेलं नसतं आणि भडका बसला की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. निखाऱ्यावर रॉकेल ओतणं तर कधीच नको, भडका थेट हातावर येतो. आणि बंद खोलीत शेगडी ठेवू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, त्यामुळे जीव धोक्यात असल्याचं कळतही नाही.

इंग्रजीत या मधल्या काटक्यांना ‘किंडलिंग’ म्हणतात. क्रियापद आणि काटक्या एकाच शब्दाच्या पोटातल्या आहेत. म्हणून ‘किंडल’ म्हणजे काटक्यांनी जे काम होतं ते: थोड्यापासून सुरुवात, मध्ये कुणाची तरी निगराणी, आणि शेवटी आपलं आपण जळणं. लाक्षणिक वापरातही हे तिन्ही गुण जवळजवळ नेहमी असतात. शिक्षकाने ‘किंडल’ केलेली आवड शाळा सुटल्यावरही राहते, हे त्या शब्दातच आहे. भाषांतरात ते उतरलं पाहिजे.

पायरी २: शब्द नीट ओळखा

उच्चार ‘किंडल’, ‘काइंडल’ नव्हे. भूतकाळी ‘किंडल्ड’. शब्दाचं मूळ जुन्या नॉर्स भाषेत, ‘आग पेटवणे’ या अर्थाच्या क्रियापदात आहे, आणि इंग्रजीत तो इसवी सन १२०० च्या सुमारापासून आहे. व्याकरणात एक खाच आहे: इंग्रजीत हे क्रियापद सकर्मकही आहे आणि अकर्मकही. मराठीत दोन रूपं आहेत, पेटणे आणि पेटवणे. ‘द वुड किंडल्ड स्लोली’ म्हणजे ‘लाकूड हळूहळू पेटलं’. इथे ‘पेटवलं’ लिहिलं की वाक्यात नसलेला माणूस उगाच येऊन बसतो.

आजच्या बोली इंग्रजीत चूल किंवा शेकोटी कुणी फारसं ‘किंडल’ करत नाही, ‘लाइट’ करतात. शब्दशः अर्थाने ‘किंडल’ दिसला तर मजकूर जुना, साहित्यिक किंवा जंगलात तळ ठोकण्याविषयीचा असण्याची शक्यता जास्त. मराठीतही त्या मजकुराचा पोत बघून शब्द निवडा.

तीन जागी हा शब्द फसवतो. ससेपालनाच्या लेखात ‘द डो किंडल्ड’ म्हणजे सशाची मादी व्याली. हे वेगळंच क्रियापद आहे, ‘जात, वंश’ या अर्थाच्या ‘काइंड’ शब्दाच्या नात्यातलं, आगीशी त्याचा संबंध नाही. सशाचा गर्भकाळ सुमारे ३१ दिवसांचा असतो. म्हणून ‘२८ व्या दिवशी पेटी ठेवा’ यासारख्या सूचनेत पेटवण्याचं काही नाही, ती पिलांसाठी गवत घातलेली पेटी आहे. दुसरी जागा मेंदूविज्ञानाची. ग्रॅहम गॉडर्ड यांनी १९६७ मध्ये उंदरांच्या मेंदूला रोज अगदी सौम्य विद्युत उत्तेजन देऊन पाहिलं. आधी काहीच होत नसे, पण काही दिवसांनी त्याच सौम्य उत्तेजनाने फेफऱ्याचे झटके येऊ लागले. या प्रकाराला ‘किंडलिंग’ हे नाव पडलं, आणि चुलीतल्या काटक्या आठवल्या तर ते किती नेमकं आहे हे लगेच कळतं. मराठीत ती संज्ञा ‘किंडलिंग’ अशीच ठेवावी आणि एका वाक्यात समजावून सांगावी. ‘प्रज्वलन’ लिहिलं तर वाचक भलतीकडे जाईल. तिसरी जागा म्हणजे अमेझॉनचं वाचनयंत्र. ते नोव्हेंबर २००७ मध्ये बाजारात आलं. ते विशेषनाम असल्यामुळे भाषांतर करायचं नाही, मात्र जाहिरातीच्या मजकुरात नावावर कोटी केलेली असते तिकडे लक्ष असू द्या.

पायरी ३: शब्दशः आग असेल तर कर्म बघून क्रियापद निवडा

इंग्रजी एका क्रियापदावर भागवतं तिथे मराठीत प्रत्येक आगीचा मान वेगळा. चूल, शेगडी, बंब, होळी, शेकोटी, मशाल पेटवतात. दिवा, समई, निरांजन, उदबत्ती लावतात. विडी शिलगावतात. होमातला अग्नी चेतवतात किंवा प्रज्वलित करतात, आणि सभेच्या निमंत्रणपत्रिकेत दीपप्रज्वलन असतं. चितेला अग्नी देतात. हा शेवटचा प्रयोग नवख्यांनी लक्षात ठेवावाच. ‘त्याने लाकडांना अग्नी दिला’ असं सहलीच्या वर्णनात लिहिलं तर मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे सरण उभं राहतं.

‘आग लावली’ आणि ‘आग लागली’ यांतही काळजी हवी. पहिल्यात कुणाचा तरी हात आहे, दुसऱ्यात नाही. इंग्रजी ‘सेट फायर टू’ला ‘आग लावली’ बरोबर. दंगलीच्या बातमीत तीच गोष्ट ‘जाळपोळ’ होते. ‘किंडल’ला ‘आग लावणे’ जवळजवळ कधीच चालत नाही, कारण मराठीत आग लावणारा भल्यासाठी लावत नाही.

पायरी ४: लाक्षणिक असेल तर आग सोडायची तयारी ठेवा

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या. इंग्रजीत आवड, आशा, कुतूहल, प्रेम, राग, संशय, कल्पनाशक्ती हे सगळं ‘किंडल’ होतं. मराठीने हा संसार वाटून दिला आहे. राग, सूड, ईर्ष्या आणि संघर्ष आगीकडे ठेवले: राग भडकतो, माणूस अन्यायाने पेटून उठतो, वक्ता जमावाला चेतवतो. १६११ च्या इंग्रजी बायबलमध्ये देवाचा कोप वारंवार ‘किंडल’ होतो. तिथे मराठीत ‘कोप भडकला’ बिनदिक्कत लिहावं.

मवाळ भावना मात्र मराठीने शेताकडे, घराकडे आणि जाग येण्याकडे दिल्या. आशा पालवते. कल्पनेला धुमारे फुटतात. प्रेमाला अंकुर फुटतो, मन जडतं. कुतूहल जागं होतं, उत्सुकता चाळवते. उत्साह संचारतो. आणि संशय? ‘इट किंडल्ड हिज सस्पिशन’ला ‘त्याच्या मनात शंकेची पाल चुकचुकली’ यापेक्षा अस्सल काही सापडणार नाही. आग गेली आणि पाल आली, पण नकळत सुरू होणारी, पुढे वाढणारी गोष्ट तीच राहिली.

कर्म बघून अडलात तर एक साधं क्रियापद आठवा: लावणे. दिवा लावतात, उदबत्ती लावतात, तसाच लळा लावतात, गोडी लावतात, नाद लावतात, वेड लावतात, सवय लावतात. ठिणगीपासून छंदापर्यंतचा जो पट्टा इंग्रजीत ‘किंडल’ व्यापतो, त्याचा मोठा भाग मराठीत ‘लावणे’ सांभाळतं. त्यात ‘किंडल’चा तिसरा गुणही आहे, कारण लागलेली गोडी लावणारा निघून गेल्यावरही राहते. ‘शिक्षकांनी तिला गणिताची गोडी लावली’ हे नुसतं सोपं वाक्य नाही, ते मूळ वाक्याशी जास्त इमानी आहे. रोपही लावतातच, म्हणजे हा शब्द चूल आणि शेत दोन्हीकडे उभा आहे.

रंग मात्र तपासा. ‘किंडल’ बहुतेकदा चांगल्या किंवा तटस्थ अर्थाने येतो. मराठीतले आगीचे बरेच वाक्प्रचार नकारार्थी आहेत: काडी लावणे, काड्या करणे, आगलाव्या. ‘पाजळणे’ दिव्याला शोभतं, पण अक्कल पाजळली की टिंगल होते. ‘काय दिवे लावलेत’ हेही कौतुक नव्हे. चरित्रलेखात ‘त्यांनी समाजात ज्ञानाचे दिवे लावले’ असं लिहिताना थांबा. ‘ज्ञानाचा दिवा लावला’ हे एकवचनात चालतं, अनेकवचनात टवाळीचा वास येतो.

पायरी ५: ‘रीकिंडल’साठी राखेखाली बघा

पूर्वी रात्री चुलीतला निखारा राखेखाली झाकून ठेवत आणि सकाळी राख सारून त्यावर फुंकर घालत. नसलाच तर शेजारून विस्तव आणत. ‘रीकिंडल’मागचं चित्र हेच आहे: पूर्ण विझलेलं नाही, झाकलेलं आहे. म्हणून मुळात जे कधी नव्हतंच त्याला हा शब्द लागत नाही, आणि भाषांतरातही ‘पुन्हा’ किंवा ‘जुना’ हा अर्थ गळता कामा नये.

जुनी मैत्री पुन्हा जुळते. आठवणी जाग्या होतात किंवा त्यांना उजाळा मिळतो. आशा पुन्हा पालवते. वादाला नव्याने तोंड फुटतं. दोन संघांतली चुरस मात्र खुशाल पुन्हा पेटू द्या, तिथे आग शोभते.

एक खड्डा इथे हमखास लागतो. ‘फुंकर’ हा शब्द मोहात पाडतो, पण मराठीत दुखऱ्या मनावर किंवा जखमेवर घातलेली फुंकर सांत्वनाची असते. ‘त्या पत्राने तिच्या मनावर फुंकर घातली’ म्हणजे तिला बरं वाटलं, तिच्यात काही पुन्हा पेटलं असं नाही. तो अर्थ हवा असेल तर निखारा लिहावाच लागतो: ‘त्या पत्राने विझत आलेल्या निखाऱ्यावर फुंकर घातली.’

पायरी ६: शेजारचे शब्द चुलीवर मांडून बघा

आगीच्या कोणत्या टप्प्याचा शब्द आहे हे ओळखलं की निम्मं काम होतं. ‘स्पार्क’ ही ठिणगी: क्षणाची, पुढे काय होईल याची जबाबदारी न घेणारी. म्हणून बातम्यांत निदर्शनं ‘स्पार्क’ होतात, आणि मराठीत ‘एवढंच निमित्त झालं’ किंवा ‘ठिणगी पडली’. ‘इग्नाइट’ लॅटिनमधल्या ‘इग्निस’वरून आला आहे, जो आपल्या ‘अग्नी’चाच भाऊबंद. त्यात काटक्या आणि निगराणी नाही, एकदम पेट आहे. वाहनाच्या ‘इग्निशन’सारखा. त्यासाठी ‘भडका उडाला’, ‘पेट घेतला’. ‘स्टोक’ म्हणजे पेटलेल्या आगीत जळण सारणं. ‘फॅन’ म्हणजे वारा घालणं. भांडणात या दोन्हींसाठी ‘आगीत तेल ओतणे’ चालतं, पण भीती, द्वेष, गैरसमज ‘स्टोक’ केले जातात तिथे मराठी ‘खतपाणी घालणे’ म्हणते. इथेही मराठी चूल सोडून शेतात गेली. ‘स्मोल्डर’ला ‘धुमसणे’ इतकं चपखल बसतं की दुसरा शब्द शोधू नये.

अडल्यास जुने कोश उघडा. मोल्सवर्थ आणि कँडी यांचा इंग्रजी-मराठी कोश १८४७ चा, मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ती १८५७ ची, आणि ही दुसरी आवृत्ती इंटरनेटवर मोफत शोधता येते. तिचा उपयोग उलट्या दिशेने करा: पेटणे, चेतणे, शिलगणे, पाजळणे असे आपले शब्द घालून त्यांचे लाक्षणिक अर्थ वाचा. भाषा दीडशे वर्षांहून जुनी आहे, त्यामुळे सापडलेला शब्द आज कुणाच्या तोंडी आहे का, हे तपासल्याशिवाय वापरू नका.

पायरी ७: करून बघा

सरावासाठी तीन वाक्यं. ‘अ स्मॉल लायब्ररी किंडल्ड अ लव्ह ऑफ रीडिंग इन द व्हिलेज.’ पहिल्या प्रयत्नात हमखास येतं ते ‘एका लहान ग्रंथालयाने गावात वाचनाचं प्रेम प्रज्वलित केलं’. हवं ते ‘एका लहानशा ग्रंथालयाने गावाला वाचनाची गोडी लावली’. पुढचं, ‘इट्स क्लोजर किंडल्ड रिझेंटमेंट.’ नाराजी मवाळही नाही आणि भडकही नाही, शिवाय ती हळूहळू वाढते: ‘ते बंद पडलं आणि गावात नाराजी धुमसू लागली.’ तिसरं, ‘अ लेटर फ्रॉम द डिस्ट्रिक्ट ऑफिस रीकिंडल्ड होप.’ ‘जिल्हा कार्यालयातून पत्र आलं आणि पुन्हा आशा पालवली.’ तीन वाक्यांत इंग्रजी क्रियापद जवळजवळ एकच होतं, मराठीत तीन आली. कुणी संपादक ‘संज्ञेत एकसूत्रता ठेवा’ म्हणाला तर त्याला हे तिन्ही नमुने दाखवा. एकसूत्रता तांत्रिक संज्ञांना लागते, वाक्प्रचारांना नाही.

आग कधी सोडायची नाही तेही बघा. लेखकाने परिच्छेदभर आगीचं रूपक जाणूनबुजून रचलेलं असतं, पहिल्या ओळीत ठिणगी, मध्ये धूर, शेवटी राख. तिथे मधल्या ‘किंडल’ला पालवी फोडली तर त्याने रचलेली चूल मोडते. अशा वेळी परिच्छेदातले आगीचे सगळे शब्द आधी पेन्सिलीने अधोरेखित करा, त्यांचा क्रम लावा आणि मराठीतही तोच क्रम राखा: ठिणगी पडली, धुमसत राहिली, पेट घेतला, वणवा झाला, राख उरली. कवितेतही आधी आग ठेवूनच प्रयत्न करा. आवड ‘पेटवणं’ मराठीला खटकतं हे खरं, पण कवीला तो खटकाच हवा असू शकतो. मूळ इंग्रजी ओळ तिच्या वाचकालाही खटकत असेल, तर मराठी ओळीतला खटका काढून टाकू नका.